नंतर घेता येईल

मंगळवारी संध्याकाळी, टॉडमॉर्डनला,
मेथडिस्ट चॅपलमागच्या खोलीत आम्ही पाच जण, एक हीटर,
आणि भिंतीला टेकून सत्तेचाळीस जुने लॅपटॉप:
शाळांनी, वकिलांनी, एका दंतवैद्याने टाकून दिलेले.
त्यांच्यात घालायचं लिनक्स आम्हीच बांधतो.
प्रश्न एवढाच, की पहिल्यांदा बटण दाबल्यावर
माणसाला आत काय काय सापडावं.

देणगीतले पेनड्राइव्ह एक जीबीचे.
बसवायचं ते तेवढ्यातच.

क्लाइव्ह पाणीखात्यातून निवृत्त.
टर्मिनल द्या, एडिटर द्या, बाकीचं ज्याचं त्यानं बघावं.
कुठला एडिटर, यावर चहा दोनदा गार झाला.
ब्रोनाला प्रिंटर हवा; तिच्या लायब्ररीत माणसं येतात
ती फॉर्म छापायलाच.
रुखसानाचा झैन म्हणाला, पत्त्यांचा खेळ काढू नका,
आजोबा माउस धरायला त्याच्यावरच शिकले.
पत्ते राहिले. एकमताने.

यादी माझ्याकडे असते, आणि कात्रीही.
ऑक्टोबरात मी एक ओळ उडवली:
स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज,
त्याच्या सगळ्या लवाजम्यासकट एकसष्ट एमबी.
शेजारी लिहिलं, नंतर घेता येईल.
कुणाची हरकत नव्हती. इतिवृत्तात तशी नोंद आहे.

मग रेमंड क्रॅबट्री आला.
गिरणीच्या रंगखात्यात चाळीस वर्षं काढलेला,
निळ्याच्या एकोणीस छटा नुसत्या नजरेने जुळवणारा.
आता नजर नाही.
बटण कुठे आहे ते मी त्याचं बोट धरून दाखवलं.
पंखा फिरला. तो मान जराशी तिरकी करून थांबला,
फोन उचलल्यावर पलीकडचं कुणी बोलेल म्हणून थांबावं तसा.
हीटर टकटकत होता.
"झाला का सुरू, लव्ह?"
झाला, मी म्हटलं.

नंतर घेता येईल.
मेनू उघडा, डावीकडून तिसरं चित्र,
शोधा, निवडा, पासवर्ड, होय.
एकूण एक पायरी डोळ्यांनी चढायची.

संगमनेरला लोडशेडिंगच्या दिवसांत आई ओरडायची,
काडेपेटी जागच्या जागी ठेवत जा रे,
ती शोधायला दिवा लागतो!
आम्ही हसायचो.

कॅनॉलच्या काठाने घरी जाताना
मी खोडलेल्या सगळ्या ओळी आठवत गेले.
वायफायचा ड्रायव्हर, जो वायफायवरून उतरवायचा.
भाषा बदलायचं पान, जे इंग्रजीत.
बदकं झोपली होती. एकच जागं होतं,
आणि तेही माझ्याकडे बघत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी एकसष्ट एमबी कुठून आणायचे?
ब्रोनाने प्रिंटर सोडला नाही.
क्लाइव्हने आपण होऊन हात वर केला:
माळरानावरच्या जांभळ्या हेदरचे त्याचे फोटो,
पडद्यामागे लावायला दिलेले, बावीस,
दर रविवारी गुडघेदुखी सोसत काढलेले.
"ते नंतर घेता येतील," तो म्हणाला,
आणि किटली भरायला उठला.

तेव्हा मीही कबूल केलं,
की दोन वर्षांपूर्वी मी गुपचूप एक देवनागरी फॉन्ट टाकलाय.
या गावात तो माझ्याशिवाय कुणाच्या कामाचा नाही.
पण तो नसेल तर आईचं पत्र
ओळीने मांडलेले रिकामे चौकोन होतं.
"किती?" क्लाइव्हने विचारलं, पाठमोराच.
पाऊण एमबी.
त्याने माझ्या कपात दूध जास्तच ओतलं.

रेमंड हल्ली दर पंधरवड्याला येतो.
आवाज त्याला आवडत नाही,
म्हणतो, लीड्सच्या बँकेतला वाटतो.
हवामान ऐकतो, फुटबॉल ऐकतो,
रंगांची नावं टाइप करून ती कशी उच्चारली जातात ते ऐकतो.

पत्ते मात्र अजून मुके आहेत.
एकमताने ठेवलेले.
ते मी यादीत सगळ्यात वर लिहिलंय.